एका स्टुलावर तिघं

“लग्नाआधी दोघं पडद्याआड? माझ्यादेखत नाही,” असं म्हणत फिलोमेना आत्या त्या पेटीत घुसली आणि दोघांच्या मधोमध बसली.

ब्रॉडवेवर हे फोटोचं यंत्र नवीनच आलं होतं. नाणं टाकायचं, आत बसायचं, आठदा दिवा चमकायचा, की आठ छब्यांची ओली पट्टी बाहेर. स्टूल एकाचं होतं. त्यावर नियोजित वर साबातीनो, विधवा आत्या आणि उरलेल्या चार बोटांवर निकोलेत्ता.

साबातीनोचं चीजचं दुकान होतं, पोट होतं आणि स्वतःच्या मिशांबद्दल फार चांगलं मत होतं. स्थळ आत्यानंच आणलेलं. निकोलेत्ताला तो नको होता. पण मल्बेरी स्ट्रीटवरच्या त्यांच्या इटालियन वस्तीत पोरीला विचारायची पद्धत नव्हती. विचारायचं ते समुद्रापलीकडे, मायदेशी कालाब्रियात राहिलेल्या तिच्या आईला. फोटो बघून आई हो म्हणाली की संपलं. आईचा शब्द मोडायची त्या गल्लीत कुणाची छाती नव्हती.

दिवा चमकला. तोवर निकोलेत्ता जराशी मागं सरकली होती. पुन्हा चमकला. ती आणखी सरकली.

पट्टी आली. आठही छब्यांत साबातीनो आणि आत्या, गालाला गाल लावून. कडेला एक कान.

“हिचा नुसता कानच आलाय,” आत्या म्हणाली खरी, पण तिची नजर स्वतःवरून हलेना. नवरा गेल्यापासून तिचा फोटो कुणी काढलाच नव्हता.

“आईला पोरगी ठाऊक आहे हो. तिला बघायचंय ते मला,” साबातीनो म्हणाला. “आणि मिशी अशी पुन्हा यायची नाही.”

“मग हीच धाडू ना, आत्या?” निकोलेत्तानं खाली मान घालून विचारलं.

लिहिता तिघांनाही येत नव्हतं. पट्टी एकटीच आगबोटीनं गेली.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. पाद्रीबाबांनी ते चीजच्या दुकानात, भरल्या गिऱ्हाइकात वाचलं: “वन्सं, जोडा शोभतो. एकटीनं फार दिवस काढलेत. दोघांना माझा आशीर्वाद. आता आमच्या निकोलेत्तालाही कुणी बघा, पण जरा तरुण.”

साबातीनोनं तोंड उघडलं. तेवढ्यात आत्यानं डोक्यावरचा वैधव्याचा काळा रुमाल सोडला आणि नीट घडी घालून गल्ल्यावर ठेवला.

“वहिनीचा शब्द आहे,” ती म्हणाली. “मोडायचा कसा?”