नुसती ढोलकी

पेटी सुटली. गाणाऱ्याचा आवाज सुटला. टाळ्यासुद्धा बाजूला झाल्या. पण ढोलकीला चिकटलेली ती बारीक छनछन काही सुटेना. श्रावस्तीनं आठव्यांदा बटण दाबलं आणि कॉम्प्युटरसमोर कपाळाला हात लावला.

मुरुम गावच्या बाजारपेठेत तिचं लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायचं दुकान होतं. नवरदेवाच्या मामाचा खोकला काढायचा आणि तिथं सनई भरायची, हे तिचं रोजचं काम. त्यामुळं आजोबांच्या कॅसेटमधून ढोलकी वेगळी काढणं म्हणजे तासाभराचा खेळ, असं तिनं मोठ्या तोऱ्यात आजीला सांगून ठेवलं होतं. त्याला आज सहा दिवस झाले होते. सॉफ्टवेअर सगळ्यांना ओळखत होतं, फक्त या छनछनीला नाही.

आजोबा म्हणजे नानासाहेब. त्यांच्या गायन पार्टीची ही एकुलती एक कॅसेट. चाळीस वर्षांपूर्वी सोलापूरला भरलेली, भीमगीतांची. कव्हरवर पुढं ढोलकी घेऊन बसलेले नानासाहेब, शेजारी पेटीवर गाणारा राजपाल, आणि कोपऱ्यात डोक्यावर पदर घेतलेली आजी. खाली छापलं होतं, 'टाळ्या : भिमाबाई'.

त्याच वर्षी कडबाकुट्टीच्या यंत्रात नानासाहेबांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि ढोलकी कायमची खुंटीला लागली. कॅसेट वेळेवर निघाली म्हणून बरं, नाहीतर असा हात ऐकायला मिळाला नसता, असं उमरग्यापर्यंतची माणसं हळहळत. समोर कुणी कौतुक केलं की नानासाहेब मान खाली घालून एवढंच म्हणत, "तसं वाजवनं माझ्यानं व्हायचं न्हाय." मोठा कलावंत असा नम्रच असतो, हे श्रावस्तीला लहानपणापासून पाठ होतं.

येत्या रविवारी आजोबांना जाऊन वर्ष होणार होतं. विहारात त्यांच्या फोटोशेजारी नुसती ढोलकी ऐकवायची, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. पण श्रावस्तीची घाई होती ती आजीपायी. आजीचा उजवा कान गेला होता आणि डावा चालला होता. यंत्र लावूनही आता फार दिवस ऐकू येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तेव्हा आजीनं आयुष्यात पहिल्यांदा नातीकडं काही मागितलं.

"गाणं नको. नुसती ढोलकी काढून दे. एकडाव नीट आइकते, मग कान गेले तर जाऊ दे."

अशा मागणीत ही छनछन ठेवून कसं चालेल?

दुपारी राजपालबाबा दुकानात डोकावले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण पँटची इस्त्री मोडेल तर शपथ. श्रावस्तीनं त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले.

"बाबा, हे छनछन काय वाजतंय? तुम्ही होता ना तिथं?"

राजपालबाबांनी डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"बांगड्या हायत," ते म्हणाले. "तुझ्या आजीच्या. हिरव्यागार, कोपरापर्यंत भरल्या व्हत्या."

"मग पुसून टाकते. जरा मेहनत आहे, पण जातील."

"नको!" ते एकदम म्हणाले. मग आवाज उतरवला. "राहू दे, बाई. आधी भिमावैनीला आइकीव, मग काय करायचं त्ये कर."

मागवलेला चहा तसाच ठेवून ते निघून गेले.

श्रावस्तीला मात्र भरून आलं. टाळ्या वेगळ्या निघाल्या, पण टाळ्या वाजवणाऱ्या आजीच्या बांगड्या आजोबांच्या ढोलकीला धरून बसल्या होत्या. या दोघांना सोडवणं सॉफ्टवेअरलासुद्धा जमलं नाही! सहा दिवस त्याला घातलेल्या शिव्या तिनं मनातल्या मनात परत घेतल्या आणि दुकानातच डोळे पुसले.

छनछन तिनं तशीच ठेवली. ढोलकी आता खणखणीत वाजत होती. टाळ्या तेवढ्या बद्द येत होत्या, हाताला कापड गुंडाळल्यागत. जुनी टेप, चालायचंच.

संध्याकाळी तिनं आजीला बाजेवर बसवलं, हेडफोन लावले आणि ढोलकी सुरू केली.

आजी आधी नुसती ऐकत राहिली. मग तिचे हात मांडीवर आले आणि बोटं हलायला लागली. ठेका दुगणीत, दुप्पट लयीत जायच्या किंचित आधीच आजीची बोटं दुगणीत गेली. केवढी ही आठवण, श्रावस्तीला वाटलं. आजी गालातल्या गालात हसत होती. तिला असं हसताना बघून वर्ष झालं होतं.

ढोलकी संपल्यावर श्रावस्ती तिच्या डाव्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, "आजी, तुझ्या बांगड्या काढल्या नाहीत मी. आजोबांच्या ढोलकीबरोबर असू दे म्हटलं."

आजीनं तिच्याकडं पाहिलं. "आन् टाळ्या? टाळ्या हायत का येगळ्या?"

श्रावस्तीनं टाळ्या लावल्या.

आजीचं हसू थांबलं. हेडफोन तिनं दोन्ही हातांनी कानांवर गच्च दाबले. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, तरी ते पुसायला तिनं हात सोडले नाहीत. श्रावस्ती घाबरली. तिनं घाईघाईनं आवाज बंद केला.

"काय झालं आजी? ढोलकी परत लावू?"

"ढोलकी नको. हेच लाव. पुन्यांदा लाव."

"अगं, ह्या तर तुझ्याच टाळ्या. त्यात काय ऐकायचं? खराब आल्यात."

आजीनं नातीचा हात धरून जवळ ओढलं.

"ह्यात बांगड्या वाजत्यात का, पोरी? चिंधी बांधलेल्या हाताच्या टाळ्या ह्या. तुझ्या आजोबाच्या."