सेव्हर्नची लाट: सकाळी ८.१०

समुद्राची भरती सेव्हर्न नदीत उलटी चढते. ती लाट बघायला मर्विन आणि थेल्मा सायकली हाणत आले, तर काठावर चिटपाखरू नाही.

८.१०. थेल्मानं वेळापत्रकातून वाचून सांगितलेली वेळ. लाटेचा पत्ता नाही. चंद्र, गाळ, नदीचं वळण... मर्विनचं तीस वर्षांचं तेच व्याख्यान मात्र चालू.

८.३०.
"कसली लाट न् कसलं काय! फुकटची तंगडतोड. चल गं."
"तू हो पुढे. माझे गुडघे अजून कुरकुरतायत."

९.००. मर्विन केव्हाच सायकल हाणत निघून गेला होता. गर्दी जमली. वेळापत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं असतं: उन्हाळ्यात घड्याळं पुढे केली, की एक तास मिळवावा.

९.१०. लाट आली. थेल्माला पहिल्यांदाच लाटेचा आवाज ऐकू आला.

मग तिनं डबा उघडला. सकाळी घरून निघतानाच तिनं सँडविच एकटीपुरतं बांधलं होतं.