डाव्या हाताची रांगोळी

सुनेला वळण म्हणून नव्हतं. दारात डाव्या हातानं रांगोळी काढायची आणि फोटो नेटवर टाकून जगाला दाखवायची, हे अंजनाबाईंच्या डोळ्यांत सलत होतं. मृण्मयीचा उजवा हात साड्यांच्या कंपनीनं करारानं बांधून घेतला होता. मनगटात चकती बसवल्यापासून तो कंपनीच्या नक्षीखेरीज एक रेघ ओढत नसे.

"माझं म्हणून काढायला हा डावाच उरलाय, आई," ती म्हणायची.

आज ती कामावरून आली ती डाव्या मनगटालाही पट्टी बांधून. उंबऱ्याशी बसून तिनं रांगोळीची चिमूट उचलली, पण बोटं उघडेनात.

"कंपनीला फोन मीच केला, डावाही बांधून घ्या म्हणून," अंजनाबाई म्हणाल्या. "डाव्या हातानं लक्ष्मी येत नाही, सांगून दमले. ऊठ आता. उद्यापासून मी छापा उठवीन. छापा निदान सांगितलेलं ऐकतो."