वडिलांची संमती

"थांबा, थांबा!" प्रतापने काठी आपटली. "धवल, अरे फौजेत निघालायस तू, कोपऱ्यावरून दूध आणायला नाही!"

तालीम पुन्हा थांबली. टॅम्पिनीस भागातल्या कॉन्डो संकुलाची फंक्शन रूम त्यांना दुपारपर्यंतच मिळाली होती, आणि प्रताप अजून पहिल्याच प्रवेशात अडकला होता. संहिता घेऊन प्रॉम्प्टिंगला बसलेल्या अनघाने कपाळाला हात लावला. लेखक नवरा, दिग्दर्शक नवरा, मुख्य नटही नवराच, आणि मुलगा त्याच्या तावडीत सापडलेला.

आझाद हिंद सरकारची स्थापना याच शहरात झाली, ऑक्टोबरातच. इथलं मराठी मंडळ दरवर्षी तो दिवस साजरा करायचं, म्हणजे एक भाषण आणि मग सामोसे. यंदा प्रतापच्या अंगात आलं आणि त्याने नाटुकलं लिहिलं. फौजेसाठी बायका अंगावरचे दागिने काढून देतायत, हे इथला एक म्हातारा भारतीय दुकानदार बघतो. आपल्याकडे सोनं नाही म्हणून तो आपला एकुलता एक मुलगाच देऊन टाकतो. म्हातारा प्रताप. मुलगा धवल, घरचाच. भरती करून घेणारा अधिकारी प्रबोध. तो बिचारा पार वुडलँड्सहून MRTच्या गाड्या बदलत आला होता आणि सकाळपासून नुसता ताठ उभा होता.

"पुन्हा," प्रताप म्हणाला आणि कमरेत वाकून म्हातारा झाला. "साहेब, माझ्याकडे सोनं नाही, नाणं नाही. हा एक मुलगा आहे. याला घ्या. देशाच्या कामी येऊ दे."

त्याचे डोळे भरून आले. प्रत्येक तालमीला यायचे, अगदी वेळेवर. आज काठीही थरथरली. हे नवीन होतं.

अनघाला ते वाक्य ऐकवेना. गेला महिनाभर घरात वेगळीच वाक्यं चालली होती. धवलला लवकरच अठरा पूर्ण होणार होती आणि पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, असल्यामुळे इथली दोन वर्षांची लष्करी सेवा त्याला चुकणार नव्हती. प्रतापचं ठरलेलं होतं. दोन वर्षं फुकट, आणि तीही कुणाच्या देशासाठी? पीआर सोडायचा, पुण्याला इंजिनीअरिंगला जायचं. सोमवारी तो तसं कळवूनही टाकणार होता. धवलला मात्र जायचं होतं. लहानाचा मोठा तो इथेच झालेला, वर्गातली मुलं सगळी जाणार होती. आता पाठ फिरवली की इथे परत येणं जवळजवळ संपलंच, हे त्याला कळत होतं. अनघालाही कळत होतं. तिला नवऱ्याचा वैताग आला होता, आणि आपण इतके दिवस तोंड उघडत नाही याचा त्याहून जास्त.

"मी तयार आहे," धवल म्हणाला.

"असं? असं म्हणतात?" प्रताप एकदम सरळ झाला. "बापाने स्वतः पुढे केलंय रे तुला! छाती भरून यायला हवी. चेहऱ्यावर काही दिसतंय का?"

"बाबा, आपण फक्त संपवू या ना. प्लीज."

"नाही. मला ते आतून आलेलं हवंय."

"आतून?" धवलने डोक्यावरची फौजी टोपी काढली. "आतून बोललो की तू वेस्ट ऑफ टाइम म्हणतोस. इथे रडतोस, घरी ओरडतोस. व्हिच वन इज रिअल?"

प्रबोध स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

"ते वेगळं," प्रताप म्हणाला. "या नाटकातल्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. तो आपल्या देशासाठी गेला."

"त्याने इंडिया बघितला पण नव्हता. इथेच वाढला होता तो. तूच लिहिलंयस."

प्रतापने उगाच घड्याळात बघितलं. असा तो क्वचितच विषय टाळायचा. अनघाला एक क्षण बरं वाटलं आणि लगेच त्याची दयाही आली.

"घरचं घरी," तो शेवटी म्हणाला. "इथे लोक खोळंबलेत. प्रबोध, तुझं वाक्य घे."

आपल्याला काहीतरी काम मिळालं म्हणून प्रबोधला हायसं वाटलं. त्याने छाती पुढे काढली आणि भरदार आवाजात विचारलं, "वडिलांची संमती आहे?"

म्हाताऱ्याचं उत्तर दोनच शब्दांचं होतं. 'आहे, साहेब.' ते कसं म्हणायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे प्रतापने सगळ्यांना कितीदा तरी म्हणून दाखवलं होतं.

आता तो वाकला, पुन्हा सरळ झाला. धवलने टोपी घातली नव्हती. त्याने या वाक्याला अधिकाऱ्याकडे बघायचं असतं, पण तो बापाकडे बघत होता. सकाळपासून चेहऱ्यावर जे येत नव्हतं, ते आता सगळं आलं होतं. प्रतापने काठी या हातातून त्या हातात घेतली.

प्रबोधला वाटलं, हा विसरला. "वडिलांची संमती आहे?" त्याने पुन्हा विचारलं आणि हळूच अनघाकडे वळला. "वहिनी, वाक्य सांगा ना त्याला."

अनघाने संहिता मिटून मांडीवर ठेवली.

"त्याला पाठ आहे, प्रबोध," ती म्हणाली. "आपण थांबू या."