सूचौहून वूशीला

सूचौमधला सकाळचा कार्यक्रम आटोपून वाद्यवृंदाची सगळी मंडळी तिथली जुनी बाग बघायला गेली. पीपा हे चिनी तंतुवाद्य वाजवणाऱ्या लानशिनचं मनगट तिच्या नवऱ्याने, म्हणजे वाद्यवृंदाच्या मालकाने, बागभर धरून ठेवलं होतं.

"इतक्या वर्षांनीही बायकोचा हात सोडवत नाही हो तुम्हाला!" बासरीवाली म्हणाली. सगळे हसले. लानशिनही हसली. बाहीखालचे काळेनिळे डाग कुणाला दिसत नव्हते.

तळ्याकाठी सगळ्यांचा फोटो काढायला त्याने हात सोडला, तशी ती मागच्या दाराने निसटली आणि दिसेल त्या टॅक्सीत बसली.

"वूशीला चला, माझ्या बहिणीकडे. लवकर!"

टॅक्सीवाल्याने आरशात निरखून पाहिलं. "अहो, तुम्ही त्या पीपावाल्या बाई ना? माझी आई रोज ऐकते हो तुमचं! तिला दाखवायला एवढासा व्हिडिओ काढतो."

ती नको म्हणेपर्यंत सिग्नलला त्याने तो काढलासुद्धा, आणि गाडी सुरू होण्याआधी फोनवर काहीतरी टाइपही केलं.

हळूहळू शहर मागे पडलं. मोठा रस्ता लागला. मागे कुणाचीच गाडी दिसेना, तेव्हा कितीतरी महिन्यांनी लानशिनने पाठ टेकली आणि डोळे मिटले.

टोलनाक्यावर टॅक्सीवाला हरखून मागे वळला.



"बाई, व्हिडिओ तुमच्या वाद्यवृंदालाही पाठवला होता, तर खुद्द मालकांचं उत्तर आलंय! म्हणतात, 'जपून न्या हो तिला. मीही मेहुणीकडेच निघालोय.'"