मुक्कामाआधीचा फोन

दूरच्या राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकून राहायचं, ही सगळी आखणी बाबांनी पहिल्यांदाच चिमणीवर सोपवली होती. तिला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. दुपारी बाबा तिच्यासमोर बसून नव्या तंबूच्या खुंट्या मोजत होते, तेवढ्यात तिथल्या वनरक्षकाचा फोन आला.

"ताई, आभार मानायला फोन केला. जागा अगदी लख्ख ठेवून गेलात."

"काका, आम्ही अजून आलोच नाही. शनिवारी निघतोय."

"असं कसं? तुमचे बाबा तर इथंच राहिलेत. घ्या, बोला."

"चिमणे," फोनमधून बाबांचा आवाज आला, "काय झकास आखलीस गं सहल. मनापासून थँक यू."

समोर बाबांनी खुंट्या खाली ठेवल्या आणि हात पुढे केला.

"दे इकडे, मी बोलतो."