दाबून पाहिलं

धानाच्या रोवणीत थंड पाण्यात बोट बुडालं की मनकर्णा किंचाळायची. नख शाबूत, सूज नाही, जखम नाही. तेव्हा सासूसकट सगळ्या गावाने तिला कामचोर ठरवून टाकलं होतं.

आलापल्लीच्या डाकबंगल्यावर चांद्याचा डॉक्टर आला, तेव्हा नवरा लटारू तिला घेऊन गेला. डॉक्टरने टाचणीच्या बोथट डोक्याने नख हळूहळू दाबत नेलं. एका ठिपक्यावर ती ओरडून उठली.

"नखाखाली बारीक गाठ आहे," डॉक्टर म्हणाला. "जिवाला धोका नाही, पण दुखते भयंकर. उद्या काढून टाकू."

झालं! इतकी वर्षं जिच्या दुखण्याला हसले, तेच शहाणे आता खात्री करायला टाचणी मागू लागले. पाटलाने दाबून पाहिलं. जंगलखात्याच्या गार्डाने दाबून पाहिलं. सासूने तर दोनदा दाबलं आणि "खरंच दुखते व माय!" म्हणत टाचणी शेजारणीच्या हाती दिली.

सकाळी अख्खं गाव तिच्यामागे डाकबंगल्यावर आलं. डॉक्टर म्हणाला, "चिरण्याआधी जागा पुन्हा एकदा पाहू. कुठे दुखतं?"

त्याने टाचणी उचलली, तशी मागची गर्दी पुढे सरकली.

मनकर्णाने हात पदराखाली लपवला. "कुठीच नाई, साहेब. बरं झालं."

डॉक्टरने चाकू पेटीत ठेवला.


"पाह्यलं ना?" सासू गर्दीकडे वळून म्हणाली. "मी म्हणतच होती, सोंग हाये!"